भूमीच्या उदरातील पाणी

नगर जिल्ह्याच्या भूगोलात एक मोठा विरोधाभास आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात उभे आहे. त्याच परिसरातील घाटघर आणि रतनवाडी या गावांवर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. परंतु सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेकडे आले की ढगांची ओटी रिकामी होते. नगर शहराच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस येतो आणि तोही भरवशाचा नसतो. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांतील माणसाला आभाळाकडे पाहण्याची सवय लागली आहे, ती याच पर्जन्यछायेमुळे. हे वाळवंट नव्हे, हे खरे. पण वाळवंटाची सावली येथवर पोहोचलेली आहे.

अशा भूमीवर पाचशे वर्षांपूर्वी एक राजधानी वसली आणि तिच्या भोवती बागा फुलल्या. हे कसे घडले, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा आम्हांला जमिनीच्या वर जितके दिसले, त्याहून अधिक जमिनीखाली आढळले. हाच शोध आम्हांला पुढे आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत घेऊन गेला. मरूद्यान ही निसर्गाने वाटसरूला दिलेली आयती भेट असते, असा आपला समज असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. झरा देवाचा असतो. मरूद्यान माणसांनी घडवावे लागते आणि रोज राखावे लागते.

निजामशाहीच्या बागा

बहामनी राज्य खिळखिळे झाले होते, त्या काळात मलिक अहमद याने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला. त्या विजयाच्या जागी त्याने बाग लावली आणि १४९४ साली सीना नदीच्या काठी नगर वसविण्यास प्रारंभ केला. सीना ही बारमाही नदी नव्हे. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून वाळूच वाहते, असे म्हटले तरी चालेल. तरीही थोड्याच वर्षांत हे शहर बगदाद आणि कैरो यांच्या तोडीचे झाले, असा गौरव निजामशाहीच्या दरबारात वावरलेला इतिहासकार फेरिश्ता करतो. दरबारी लेखकाची अतिशयोक्ती वजा केली, तरी उपमा लक्षात घेण्याजोगी आहे. बगदाद आणि कैरो हीदेखील रखरखीत मुलखात पाण्याच्या आधाराने उभी राहिलेली शहरे आहेत.

शहराच्या आग्नेय दिशेला फराहबाग आहे. हा महाल १५८३ च्या सुमारास सलाबतखानाच्या देखरेखीखाली पूर्ण झाला. आम्ही उन्हाळ्याच्या दिवसांत तेथे गेलो. विस्तीर्ण चौकोनी तलावाच्या मधोमध अष्टकोनी आकाराची दुमजली इमारत उभी आहे. तलावात पाणी नाही. जेथे एकेकाळी महालाचे प्रतिबिंब पडत असे, तेथे आता गवत आणि काटेरी झुडपे आहेत. मधल्या घुमटाच्या दालनात शिरताच मात्र बाहेरचा उन्हाळा मागे राहतो. जाड भिंती, उंच छत आणि चारही बाजूंनी खेळणारा वारा यांनी ही शीतलता साधली आहे. भोवतीच्या पाण्यावरून थंड होऊन येणारी झुळूक पूर्वी तिच्यात भर घालीत असे. शहराच्या वायव्येस हश्त-बिहिश्त, म्हणजे ‘आठ स्वर्ग’ या नावाची आणखी एक बाग होती. तिच्याही तळ्यात अष्टकोनी महाल होता.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला या नावाचे नवल वाटू नये. मानवाचे पहिले घर एदेन बाग होते आणि बागेसाठी वापरलेला जुना पर्शियन शब्दच पुढे ग्रीक भाषेतून युरोपात जाऊन ‘स्वर्ग’ या अर्थाने रूढ झाला. कोरड्या देशातील माणूस स्वर्गाची कल्पना करतो, तेव्हा तो पाणी आणि सावली यांचीच कल्पना करतो.

खापरी नळ

या तळ्यांत पाणी कोठून येत असे? उत्तर आहे खापरी नळ. नगरभोवतीच्या डोंगरांच्या पायथ्याशी, कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार, शहापूर अशा ठिकाणी मुरमाच्या थरात झिरपलेले पाणी विहिरींत गोळा केले जाई. तेथून जमिनीखालून, भाजलेल्या मातीचे नळ चुन्यात बसवून, ते शहरातील हौदांपर्यंत आणि बागांपर्यंत आणले जाई. यात मोट नव्हती की रहाट नव्हता. उगमापासून हौदापर्यंत उतार इतका बेताचा राखलेला असे की, पाणी आपल्याच वजनाने वाहत येई. उतार अधिक झाला तर नळ फुटणार, कमी झाला तर गाळ साचणार. ठिकठिकाणी ठेवलेल्या उभ्या विवरांतून आत उतरून गाळ काढता येई आणि हवाही खेळती राही. पाणी झाकलेले असल्यामुळे ना ऊन त्याला शोषू शके, ना धूळ त्याला गढूळ करी.

ही विद्या इराणकडून आली. तेथे अशा भुयारी पाटांना ‘कनात’ म्हणतात. निजामशाही दरबाराचे इराणशी निकटचे संबंध होते. शाह ताहिर हा इराणी विद्वान येथे मंत्रिपदी होता. बुऱ्हाण निजामशाहाच्या भेटीस गोव्याहून गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य येत असे. त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधिविषयक ग्रंथात या राजाचा उल्लेख केला आहे. नगरची राजधानी कोरड्या पठारावर असली, तरी चौलसारख्या बंदरांवाटे तिचे दरवाजे समुद्राकडे उघडत होते. त्याच वाटांनी अरब, इराणी आणि हबशी माणसे आली, आणि त्यांच्याबरोबर पाण्याचे ज्ञानही आले.

निजामशाहीचा अखेरचा मोठा कारभारी मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. त्याने खडकी येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १६१७ च्या सुमारास ‘नहर-ए-अंबरी’ बांधून भूमिगत पाणी खेळविले. त्याच सुमारास, १६१५ साली, मोगलांच्या बुऱ्हाणपुरात सातपुड्यातून झिरपणारे पाणी शंभराहून अधिक कुंड्यांच्या मालिकेने शहरात आणले गेले. पुण्यात १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणले. त्यांचे ‘उच्छ्वास’ जुन्या पुणेकरांना ठाऊक आहेत.

राजे आणि वजीर यांची नावे आपण घेतली. खापरी नळ ही मात्र कुंभाराच्या हातची वस्तू आहे, आणि भुयार हे पहारीचे काम आहे. ज्यांनी ते नळ भाजले, जे दिव्याच्या उजेडात वाकून मुरूम खोदत राहिले, त्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. येथे आम्हांला यरुशलेमची आठवण होते. अश्शूरी फौजेच्या भयाने हिज्कीया राजाने गिहोन झऱ्याचे पाणी खडकातून बोगदा खणून शहरात आणले, असे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (२०:२०) सांगितले आहे. सुमारे ५३३ मीटर लांबीचा तो बोगदा आजही आहे. १८८० साली त्याच्या भिंतीवर एक कोरीव लेख सापडला. त्यात राजाचे नाव नाही. दोन टोकांकडून खोदत आलेल्या कामकऱ्यांना खडकापलीकडून एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले आणि शेवटी पहारीला पहार कशी भिडली, एवढेच त्यात सांगितले आहे. त्याच बोगद्याचे पाणी शिलोह तळ्यात पडत असे, आणि प्रभू येशूने जन्मांधाला डोळे धुण्यासाठी पाठविले ते शिलोह हेच (योहान ९). अनामिक मजुरांचे श्रम सात शतकांनंतर एका अंधाच्या दृष्टीला उपयोगी पडले.

गाबेस आणि मतमाता

आता क्षणभर नगरहून दूर, ट्युनिशियाच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊ. तेथील गाबेस या शहराचे वैशिष्ट्य असे की, सहारा वाळवंटाच्या कडेचे हे मरूद्यान थेट भूमध्य समुद्राला जाऊन भिडते. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे नगरच्या निम्म्याहूनही कमी. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने या गावाचे, तेव्हाच्या ताकापेचे, वर्णन केले आहे. खजुराच्या छायेत जैतून, जैतुनाखाली अंजीर, अंजिराखाली डाळिंब, त्याखाली द्राक्षवेल आणि सर्वांच्या पायाशी गहू, कडधान्ये व भाजीपाला, हे सारे एकाच वर्षात, एकमेकांच्या सावलीत पिकते, असे तो सांगतो. त्याने नोंदवलेली दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. तेथील झऱ्याचे पाणी रहिवाशांना ठरावीक तासांच्या हिशेबाने वाटून दिले जात असे.

दोन हजार वर्षे हे मरूद्यान टिकले, ते या तासांच्या हिशेबावर. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत शेतकरी असाच नियम पाळीत आले. पाट सर्वांचा, पाळी ठरलेली आणि बंधाऱ्याची डागडुजी सर्वांनी मिळून करायची. पाटकरी पाणी सोडी, तो कोणा एकाच्या मर्जीने नव्हे.

गाबेसच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात मतमाता हे गाव आहे. बर्बर लोकांनी, जे स्वतःला ‘अमाझिग’ म्हणवतात, तेथे मऊ मातीत घरे खणली आहेत. प्रथम जमिनीत विहिरीसारखा रुंद, खोल खड्डा घ्यायचा. तो झाला घराचा चौक. मग त्या खड्ड्याच्या भिंतींत चहूकडे खोल्या कोरायच्या. निजण्याची, स्वयंपाकाची, धान्याची, प्रत्येक खोली निराळी. बाहेर पोळून काढणारे ऊन असले तरी आत गारवा, आणि थंडीच्या रात्री आत ऊब. दूरवरून पाहणाऱ्याला गाव दिसतच नाही. १९६० च्या दशकात सरकारने जवळच नवे मतमाता वसविले. १९६९ च्या महापुरात अनेक घरे खचली; तरीही काही कुटुंबे आपल्या जुन्या घरांत राहत आली आहेत.

आपल्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांना ही युक्ती अपरिचित वाटणार नाही. आपल्याकडे माणसे जमिनीत राहिली नाहीत, पण धान्य राहिले. ज्वारीची पेवे पांढरीच्या मातीत खणली जात आणि आत कडब्याचा थर देऊन भरली जात. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी दिवा सोडून हवा पाहायची, हा नियम घरातल्या पोरालाही ठाऊक असे. दुष्काळात पेव उघडे, तेव्हा भूमीने जणू आपले पोट उघडून लेकरांना घास दिल्यासारखे वाटे. पाणी, धान्य, माणूस, जे जे जपायचे ते कोरड्या प्रदेशातील शहाणी माणसे भूमीच्या स्वाधीन करीत आली.

सुकलेले झरे

फराहबागेचे तळे का सुकले? नळ काही एका दिवसात फुटले नाहीत. इंग्रजी अमलातही यांपैकी काही नळ दुरुस्त करून शहराला पाणी पुरविले जात होते. पुढे दूरच्या धरणाचे पाणी यंत्राने येऊ लागले. आज नगर शहर मुळा धरणाचे पाणी पिते. त्यात गैर काही नाही. परंतु पाणी कोठून येते, हे पाहण्याची गरज संपली तशी नळाचा गाळ काढणारे हात थांबले. उगमाच्या माथ्यावरील झाडी गेली, विंधनविहिरी खोल गेल्या आणि भूमीखालचा तो जुना वारसा मातीआड झाला.

गाबेसचीही हीच कथा आहे. १९७० च्या दशकात तेथे फॉस्फेटवर प्रक्रिया करणारे रासायनिक कारखाने आले. कारखाने, शेती आणि शहर यांसाठी पाण्याचा उपसा वाढला आणि प्लिनीने वर्णिलेले झरे आटले. बागांना आता विंधनविहिरींचे पाणी द्यावे लागते. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात कारखान्यांच्या विषारी वायूंना कंटाळून गाबेसचे हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले. तासांचा हिशेब मोडला की मरूद्यानाचे आयुष्यही मोजके उरते.

आफ्रिकेच्या या किनाऱ्याशी आपल्या श्रद्धेचेही नाते आहे. संत पेर्पेतुआ आणि संत फेलिसिता यांनी २०३ साली कार्थेज येथे रक्त सांडले. ३५४ साली तागास्ते येथे जन्मलेले संत अगस्तीन याच मातीचे पुत्र. त्यांच्या माता संत मोनिका यांचे नावदेखील बर्बर मूळाचे मानले जाते. ताकापे हे महागुरूंचे पीठ होते. आज ते केवळ नामधारी पीठ म्हणून उरले आहे. एवढी तेजस्वी ख्रिस्तसभा कशी विझली? व्हँडलांची स्वारी, आपसांतील फूट, नंतरची सत्तांतरे अशी अनेक कारणे आहेत. पण अनेक इतिहासकार आणखी एका कारणाकडे बोट दाखवितात. ती ख्रिस्तसभा मुख्यतः शहरांत आणि लॅटिन भाषेत राहिली. डोंगरातील बर्बरांच्या बोलीत ती पुरेशी उतरली नाही. नळ शहराच्या हौदापर्यंत आला, पण शेतात पाणी झिरपले नाही.

म्हणूनच १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १९०३ साली याच नगर जिल्ह्यातील केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ सुरू केला, या घटनांचे मोल केवळ वाङ्मयीन नाही. त्या परदेशी धर्मगुरूंनी येथील मातीत उतार शोधला.

पुन्हा खणलेल्या विहिरी

आपल्या कुटुंबांचा इतिहास पाण्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य कॅथोलिक कुटुंबांचे पूर्वज अशा समाजांतून आले की, ज्यांना गावच्या पाणवठ्यावर घागर बुडविण्याचा अधिकार नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ते या पूर्वजांच्याही तहानेसाठी होते. शमरोनी स्त्रीकडे विहिरीच्या काठी पाणी मागणारा येशू या घरांना इतका जवळचा का वाटला, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूर-राहाता भागाला हिरवे केले. हरेगावची साखर कारखानदारी आणि लोणीचा १९५० सालचा सहकारी कारखाना याच पाण्यावर उभे राहिले. हरेगावची मतमाउलीची यात्रा, जिला १९४९ पासूनची परंपरा आहे, तीही याच पट्ट्यातली. आपली कितीतरी माणसे या ऊसमळ्यांत राबली. हे विसाव्या शतकातले मरूद्यान. परंतु त्याच्या सीमेपलीकडे टँकरची वाट पाहणारी गावे राहिलीच. कालव्याची पाळी ज्याच्या शेतापर्यंत पोहोचली तो तरला. पाथर्डीचा माणूस मात्र कोयता घेऊन दूरच्या उसाकडे निघाला.

या कोरड्या भागासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांचे नाव अग्रभागी आहे. १९४८ साली ते भारतात आले. नगर येथे सोशल सेंटर उभारून त्यांनी खेड्यापाड्यांत काम केले. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांच्यासारख्यांच्या लक्षात आले की, नुसती विहीर खणून भागत नाही. विहिरीत पाणी उतरेल असा डोंगर आधी सावरला पाहिजे. पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था यांतून हा विचार गावोगावी गेला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर, नालाबांध, वृक्षलागवड, आणि यांच्या जोडीला गावाने स्वतः स्वीकारलेली चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीने या मार्गाने टँकरची आशा सोडून स्वतःच्या डोंगरावर भिस्त ठेवली. फादर बाखर २०२१ साली निवर्तले.

नगर तालुक्यातीलच हिवरे बाजारने एक पाऊल पुढे टाकले. दरवर्षी पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, त्यावरून पिके ठरवायची आणि शेतीसाठी विंधनविहीर घ्यायची नाही, असा नियम त्या गावाने स्वतःला लावून घेतला. ताकापेचे तास आणि हिवरे बाजारचा ताळेबंद यांत दोन हजार वर्षांचे अंतर आहे, परंतु तत्त्व एकच आहे. पाणी ज्याचा हात पोहोचेल त्याचे नसते. ते मोजून, वाटून घ्यावयाचे असते.

जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यानगर हे नाव अधिकृतपणे मिळाले. चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांनी देशभर विहिरी, बारव आणि घाट बांधले. ज्यांचे नाव घेतले, त्यांचे काम पुढे नेण्याची जबाबदारी जिल्ह्यातील सर्वांवर येते, आणि त्यांत आपली धर्मग्रामेही आली. चर्चच्या आवाराला भिंत असते, तशी उतारही असतो. त्या उतारावरचे पावसाचे पाणी कोठे जाते, आवारातील जुन्या विहिरीचा गाळ शेवटी केव्हा काढला, हे प्रश्न प्रार्थनेइतकेच आपले आहेत.

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाकाची कथा आहे. त्याच्या पित्याने, अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या आणि पित्याने दिलेलीच नावे त्यांना पुन्हा दिली. भांडण झाले तेव्हा तो पुढे सरकला आणि जेथे भांडण उरले नाही, तेथील विहिरीला त्याने ‘रहोबोथ’, म्हणजे मोकळी जागा, असे नाव दिले. नगरच्या मातीखाली आपल्या वाडवडिलांचे नळ अजून आहेत. ते पुन्हा वाहतील की नाही, हे सांगता येत नाही. पण डोंगराच्या माथ्यावर चर खणणे आपल्या हाती आहे. पहिल्या पावसाआधीचे दिवस त्यासाठी योग्य असतात.